कार्डाने उघडणारे दार : आधी बाहेर पडायची वाट ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या पर्वरीत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ऑफिस, चाळीसेक माणसे. चार दारांना कार्ड लावायचे आहे: पुढचे काचेचे, मागच्या जिन्याकडे उघडणारे जुने सागवानी, सर्व्हर रूमचे आणि फायलींच्या खोलीचे. तीन कोटेशने आली आहेत आणि सर्वांत स्वस्त नि सर्वांत महाग यांच्यात जवळजवळ तिपटीचा फरक आहे. विचारणा अशी की मशीन कुठल्या कंपनीचे घ्यावे, कार्ड बरे की बोटाचा ठसा, आणि लाईट गेल्यावर काय होणार.

कंपनीचा विषय मी मागे ठेवतो. फोंड्यापासून वेर्ण्यापर्यंत जी दारे दुरुस्त करत मी फिरतो, त्यांत रीडर, म्हणजे कार्ड वाचणारे यंत्र, खराब झालेली फार थोडी. दार नीट बसत नाही, वायर बारीक घातली आहे, बॅटरी मेली आहे, किंवा नोकरी सोडून गेलेल्याचे कार्ड अजून चालू आहे, यांपैकीच काहीतरी असते. म्हणून उत्तर दारापासून देतो.

सुरुवात आतून करा. ऑफिसात धूर झाला, वीज गेली, कंट्रोलर (लॉकना हुकूम देणारी पेटी) हँग झाला, तरी आतल्या माणसाला खिसे न चाचपता आणि कुणाला हाक न मारता बाहेर पडता आले पाहिजे. २०१६च्या नॅशनल बिल्डिंग कोडचा चौथा भाग आगीपासूनच्या सुरक्षेचा आहे. सुटकेच्या वाटेवरचे दार आतून किल्लीशिवाय उघडले पाहिजे, हे त्यातले मूळ तत्त्व. तुमच्या इमारतीला अग्निशामक दलाचा ना हरकत दाखला असेल, तर मागचा जिना त्यात सुटकेची वाट म्हणून दाखवलेला असण्याची शक्यता मोठी. कुलूप लावण्याआधी सोसायटीकडून तो नकाशा मागून घ्या.

आता वायरिंगची एक गोष्ट जरा नीट सांगतो, कारण इथेच सर्वाधिक ढिलाई दिसते. आतल्या बाजूला एक्झिट स्विच सगळेच बसवतात. पण तो स्विच स्वतः काहीच उघडत नाही. तो कंट्रोलरला सांगतो, मग कंट्रोलर रिले, म्हणजे विजेवर चालणारा आतला स्विच, सोडतो, मग लॉक सुटते. कंट्रोलरच गोठला तर स्विच दाबून अंगठा दुखेल, दार तसेच. म्हणून शेजारी हिरव्या रंगाचा आपत्कालीन स्विच हवा, काच दाबून चालतो तो, आणि लॉकला जाणारी पॉझिटिव्ह वायर त्याच्यातूनच गेलेली हवी. दाबला की लॉकची वीज तिथल्या तिथे तुटली पाहिजे. कित्येक ठिकाणी हा हिरवा डबा असतो, पण त्याच्या वायरी कंट्रोलरच्या इनपुटला जोडलेल्या असतात, म्हणजे तो दुसरा एक्झिट स्विचच झाला. ओळखायचे कसे? कंट्रोलरची तेवढी वीज काढा, लॉकची राहू द्या. चुंबकी लॉक रिलेच्या एनसी (एरवी जोडलेल्या) टोकावर असते, त्यामुळे कंट्रोलर मेला तरी ते धरूनच राहते. आता हिरवा स्विच दाबा. दार सुटले तर काम बरोबर. नाही सुटले तर फिटरला तिथेच थांबवा आणि वायर बदलून घ्या. इमारतीला फायर अलार्म असेल तर त्याच्या पॅनेलमधला रिलेही याच लायनीत घालायचा, म्हणजे अलार्म वाजताच सुटकेच्या वाटेवरची दारे आपोआप मोकळी होतात.

लॉकचे मुळात दोन प्रकार. एक वीज गेली की उघडणारे, दुसरे वीज गेली की बंदच राहणारे. चुंबकी लॉक, ज्याला बाजारात ई-एम लॉक म्हणतात, ते पहिल्या प्रकारचे. वीज आहे तोवर चुंबक, वीज गेली की नुसते लोखंड. माणसे ज्या दारांतून रोज ये-जा करतात तिथे हेच बरे. सर्व्हर रूमला मात्र मी दुसरा प्रकार सुचवेन: चौकटीत इलेक्ट्रिक स्ट्राइक, म्हणजे लॅचची जीभ अडवणारी आणि वीज मिळाली की सोडणारी पट्टी, आणि दाराला साधे मूठवाले लॅच. वीज गेली तरी बाहेरून बंद, आणि आतला माणूस मूठ फिरवून बाहेर येतो. त्याला ना वीज लागते ना बटण. फायलींच्या खोलीलाही हेच चालेल.

मागच्या सागवानी दाराला मात्र स्ट्राइक लावू नका, कोणी कितीही सांगितले तरी. एप्रिलमध्ये ते दार अलगद बंद होते म्हणून फिटरला वाटते सगळे ठीक आहे. जून लागला, हवेत ओल भरली की सागवानसुद्धा फुगते. दार चौकटीवर दाबून बसते, लॅचची जीभ स्ट्राइकच्या पट्टीवर रेटली जाते, आणि त्या दाबाखाली स्ट्राइकचे छोटे यंत्र सुटत नाही. कार्ड लावले, हिरवा दिवा आला, ‘टक्’ आवाज आला आणि दार जागचे हलले नाही, अशी तक्रार पावसाळ्यात आली की मी आधी सुताराचा नंबर शोधतो. अशा दाराला चुंबकी लॉकच, आणि तेही सुताराकडून दार तासून, कडेला तीन-चार मिलिमीटर फट ठेवून, तासलेल्या कडांना पॉलिश मारून झाल्यावर. पॉलिश विसरले तर उघडी पडलेली कड आणखी पाणी पिते. दार जिन्याकडे, म्हणजे बाहेर उघडते, हे सोयीचे. लॉक आतून चौकटीच्या वरच्या पट्टीला येते आणि बाहेरून कुणाच्या हाताला लागत नाही. जी दारे आत उघडतात त्यांना लॉक धरायला झेड-एल ब्रॅकेट (त्या आकाराच्या पट्ट्या) लागते. ते कोटेशनमध्ये नसले की ऐनवेळी ‘एक्स्ट्रा’ म्हणून येते.

पुढच्या काचेच्या दाराबद्दल एकच गोष्ट बघा: ते दोन्ही बाजूंनी झुलते का? फ्लोअर स्प्रिंगवरची (जमिनीत बसवलेल्या स्प्रिंगवर फिरणारी) बिनचौकटीची दारे बहुधा झुलतात. तसे असेल तर एका बाजूला पक्का स्टॉपर लावून दार एकाच दिशेने उघडेल असे करावे लागेल आणि काचेला यू ब्रॅकेटने लोखंडी पट्टी लावून चुंबकी लॉक. नाहीतर ड्रॉप बोल्ट, ज्यात वरून खिट्टी खाली पडते. ड्रॉप बोल्ट दिसायला सुबक, पण दार थोडे जरी खचले तरी खिट्टी भोकात पडत नाही, आणि फ्लोअर स्प्रिंग कधी ना कधी खचतेच. माझी पसंती स्टॉपर आणि चुंबकाला.

चुंबकी लॉक दोन आकारांत सर्रास मिळते, २८० किलो आणि ५४५ किलो पकडीचे. आतल्या दाराला पहिले पुरते, बाहेरच्याला दुसरे घ्या. पण हे आकडे पट्टी चुंबकावर सपाट टेकली तरच खरे. दाराकडच्या पट्टीच्या मधल्या बोल्टला एक रबरी वॉशर असतो. पट्टी थोडी हलती राहावी आणि दार किंचित वाकडे असले तरी तिने स्वतःला चुंबकाशी जुळवून घ्यावे, यासाठी तो असतो. नवखा फिटर पट्टी हलते म्हणून बोल्ट ताकदीने आवळतो, रबर चेपते, पट्टी एका टोकाला केसाएवढी उचललेली राहते, आणि मग एका खांद्याच्या धक्क्याने दार उघडते. काम झाल्यावर पट्टी हाताने हलवून बघा, जराशी डुलली पाहिजे. मिरामार, दोनापावल, कांदोळी अशा किनाऱ्याजवळच्या जागी त्या पट्टीवर खाऱ्या हवेने गंज धरतो आणि गंजाचा पातळ थरही पकड कमी करतो. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसायचे. तिच्यावर रंग मारायचा नाही, ग्रीस थापायचे नाही.

आता लाईट. चुंबकी लॉक वीज गेली की उघडते, याचा सरळ अर्थ असा की बॅटरी संपली की तुमचे ऑफिस उघडे. आपल्याकडे पावसाळ्यात माड किंवा फांदी तारेवर पडली की रात्रभर वीज येत नाही, हे काही नवे नाही. हिशेब करू. मोठ्या लॉकला १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर लागतो. रीडर आणि कंट्रोलरचा वाटा मिळून ०.३ धरा. एकूण ०.८ अँपिअर. सोबत येणारी बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची असते. कागदावर पावणेनऊ तास. पण तो ७ चा आकडा बॅटरी वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळतो. इतक्या ओढीवर नव्या बॅटरीचे सहा-सात तास धरा आणि दोन उन्हाळे पाहिलेल्या बॅटरीचे त्याच्या निम्मे. संध्याकाळी सातला वीज गेली तर मध्यरात्रीनंतर दार कुणीही ढकलून आत यावे अशी स्थिती. म्हणून रात्रीचे शटर आणि त्याचे कुलूप काढून टाकू नका. कार्डाची यंत्रणा दिवसाच्या वर्दळीसाठी आहे, रात्रीची राखण शटरनेच करायची. मागच्या दारालाही जुने कडी-कुलूप राहू द्या, फक्त ते ऑफिस रिकामे झाल्यावरच लागेल आणि सकाळी पहिला आलेला माणूस ते काढेल असा नियम करा. माणसे आत असताना त्या दाराला आतून-बाहेरून कुठलेही कुलूप नको.

वायरच्या बाबतीत मी हट्टी आहे. फिटरकडे नेटवर्कच्या केबलचा बॉक्स असतोच, म्हणून लॉकलाही तीच केबल ओढली जाते. त्या केबलच्या एका बारीक तारेचा रोध मीटरला साधारण ०.०८४ ओहम. कंट्रोलरपासून दार ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे पाच ओहम. लॉकच्या कॉइलचा रोध चोवीसेक ओहम. बारा व्होल्टपैकी लॉकपर्यंत पोहोचतात जेमतेम दहा, आणि चुंबकाला मिळणारी ताकद तिसऱ्या हिश्शाने घटते. हेच अंतर एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने गाठले तर लॉकला साडेअकरा व्होल्ट मिळतात. मल्टिमीटर लावून लॉकच्या टोकांवर, दार बंद असताना, व्होल्टेज मोजायला सांगा. सप्लायच्या डब्यात मोजलेले व्होल्टेज दाखवून कुणी समाधान करत असेल तर ऐकू नका. रीडरला सहा तारांची शील्ड असलेली केबल, शील्ड एकाच टोकाला, कंट्रोलरकडे, अर्थ केलेली. एक्झिट स्विच आणि दाराच्या सेन्सरला वेगळ्या जोड्या. आणि यातली एकही वायर २३० व्होल्टच्या पट्टीतून जाणार नाही.

लॉकच्या टोकांवर एक छोटा डायोडही लागतो, १एन४००७, चणेफुटाण्याच्या भावात मिळतो. रुपेरी रेघेची बाजू पॉझिटिव्हला. लॉकची वीज तुटते त्या क्षणी कॉइल उलटा झटका देते. डायोड नसेल तर तो झटका रिलेच्या टोकांवर ठिणगी पाडतो, काही महिन्यांत टोके चिकटतात आणि दार एक तर उघडतच नाही नाहीतर बंदच होत नाही. काही लॉकमध्ये हे संरक्षण आत बसवलेले असते. विचारून घ्या, नसेल तर लावून घ्या.

आता मशीनकडे येऊ. स्वस्त कोटेशनमध्ये बहुधा एकाच डब्यात रीडर, कीपॅड आणि रिले असलेली यंत्रे असणार, आणि तो डबा दाराबाहेर लागणार. याचा अर्थ, लॉक सोडणाऱ्या दोन तारा बाहेरच्या भिंतीवर आहेत. डबा चार स्क्रू काढून खाली घेतला की त्या हातात येतात. पुढे काय करायचे हे कुठल्याही वायरमनला सांगावे लागत नाही. फायलींच्या खोलीसारख्या आतल्या दाराला असे यंत्र चालेल. बाहेरच्या दोन दारांना आणि सर्व्हर रूमला मात्र रीडर बाहेर आणि कंट्रोलर आत, कुलूपबंद पेटीत, अशीच रचना हवी. चार दारांचा एक कंट्रोलर मिळतो तो तुमच्या कामाला नेमका बसतो. तो ऑफिसचे नेट गेले तरी चालतो का, कार्डांची यादी त्याच्या स्वतःच्या मेमरीत राहते का, हे विचारा. ‘सगळे क्लाऊडवर’ म्हणणाऱ्याला राउटरची केबल काढून कार्ड लावून दाखवायला सांगा.

कार्डांत सर्वांत जास्त फसगत होते. १२५ किलोहर्ट्झची जाड पांढरी कार्डे अजून धडाक्याने विकली जातात. ती आपला क्रमांक कुठल्याही रीडरला बिनदिक्कत सांगतात, आणि बाजारात सहज मिळणाऱ्या हातात मावणाऱ्या यंत्राने त्यांची नक्कल मिनिटभरात होते. त्याहून गंमत म्हणजे तो क्रमांक बहुतेक वेळा कार्डावरच छापलेला असतो, आधी दहा आकडे आणि मग स्वल्पविरामाने तोडलेली दुसरी जोडी. म्हणजे नव्या नोकरीच्या आनंदात गळ्यात कार्ड घालून काढलेला फोटो ही तुमच्या दाराची किल्ली जगजाहीर केल्यासारखीच. या क्रमांकांची जुनी २६ बिटांची पद्धत सगळ्यांना खुली आहे: गटाचा आकडा २५५ पर्यंत, कार्डाचा ६५,५३५ पर्यंत. गट आणि कार्ड दोन्ही आकडे सारखे असलेली दोन कार्डे दोन वेगळ्या ऑफिसांत सापडू शकतात, आणि सापडतात. काही यंत्रणा तर गटाचा आकडा बघतही नाहीत.

१३.५६ मेगाहर्ट्झच्या कार्डांत मायफेअर क्लासिक हे जुने नाव. त्याची गुप्तलिपी २००८ मध्येच संशोधकांनी फोडून दाखवली, तरी ‘स्मार्ट कार्ड’ म्हणून ते आजही खपते. नवीन काम करताना डेसफायर ईव्ही२ किंवा ईव्ही३ मागा, ज्यात १२८ बिटांची एईएस गुप्तलिपी आहे. पण इथेही एक मेख आहे. कार्ड महागाचे आणि रीडर मात्र त्याचा उघडा अनुक्रमांकच वाचतो, आतल्या सुरक्षित भागाला हातच लावत नाही, अशी कामे सर्रास होतात. पैसे कुलपाचे आणि मिळते कडी. हे पकडायला सोपी युक्ती आहे: तुमचे टॅप करून पैसे देण्याचे बँकेचे कार्ड त्या रीडरला लावा आणि सॉफ्टवेअरला नवे कार्ड म्हणून नोंदवायला सांगा. नोंद झाली, तर रीडर फक्त अनुक्रमांक वाचतो आहे. मग विक्रेत्याला सांगा की सुरक्षित वाचन चालू करून द्या, आणि त्या गुप्तलिपीच्या चाव्या तुमच्या नावाच्या असू द्या, त्याच्या दुकानाच्या नव्हेत.

रीडर ते कंट्रोलर या तारेवरही संरक्षण हवे असेल तर वायगँड या जुन्या जोडणीपद्धतीऐवजी आरएस-४८५ तारांवर चालणारी ओएसडीपी ही नवी पद्धत येते, जिच्यात संवाद गुप्तलिपीत ठेवता येतो आणि अंतरही कितीतरी जास्त चालते. चाळीस माणसांच्या ऑफिसात तार फोडून आकडे चोरणारा कोणी येईल असे मला वाटत नाही. कार्डाची नक्कल करणारा नक्की येऊ शकतो. पैसे मोजकेच असतील तर आधी कार्डावर खर्च करा.

बोटाचा ठसा मी दारासाठी सुचवत नाही. पावसात छत्री झटकत आलेल्या माणसाची ओली बोटे, मासळीच्या कारखान्यातली बर्फाने सुरकुतलेली बोटे, बांधकामावरची घासलेली बोटे, यांच्यापुढे सेन्सर हात टेकतो आणि दारात रांग लागते. शिवाय कार्ड हरवले तर रद्द करून नवे देता येते, ठसा एकदा बाहेर गेला तर माणसाला दुसरे बोट कुठून द्यायचे? २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशी माहिती जपण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. ती चार दारांसाठी कशाला ओढवून घ्यायची? फार तर सर्व्हर रूमला कार्डासोबत पिन ठेवा.

सॉफ्टवेअरमधली एक सोय मात्र आठवणीने चालू करा. पुढचे दार सकाळी नऊ ते सहा आपोआप मोकळे राहील असे वेळापत्रक बहुतेक जण लावतात, म्हणजे पाहुण्यांना त्रास नको. आणि मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येते. सगळे ऑफिस गावी, कुणी पेडण्याला, कुणी सत्तरीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधत बसलेले, शटर लावायला शेवटचा माणूस विसरलेला, आणि यंत्रणा नेमाने नऊच्या ठोक्याला रिकाम्या ऑफिसचे दार उघडून देते. सुट्ट्यांचा तक्ता भरता येतो, पण तो दर वर्षी कोण भरणार? त्यापेक्षा ‘पहिले कार्ड’ नावाची सोय असते: वेळ झाली तरी ठरलेल्या दोन-चार जणांपैकी एकाने आधी कार्ड लावल्याशिवाय वेळापत्रक सुरूच होत नाही. सुट्टीच्या दिवशी कोणी आले नाही तर दार बंदच राहते.

कार्ड कुणाला द्यायचे याची वही एका माणसाकडे असावी, आणि तो माणूस सिक्युरिटी एजन्सीचा नसावा. त्यांचे गार्ड सारखे बदलतात. नोकरी सोडणाऱ्याचा शेवटचा हिशेब कार्ड बंद झाल्याच्या शेऱ्याशिवाय होऊ नये, असे अकाउंट्सला सांगून टाका. कार्डावर फोटो आणि नाव जरूर छापा, ऑफिसचा पत्ता नको. म्हापशाच्या बाजारात पडलेले कार्ड कुठल्या दाराचे आहे हे उचलणाऱ्याला कळायची गरज नाही. हजेरी याच यंत्रणेवर घ्यायचा मोह होईल. घ्या, पण मग कंट्रोलरचे घड्याळ नेटवरून आपोआप जुळते का ते बघा, नाहीतर महिनाअखेर पाच मिनिटांवरून भांडणे होतील. आणि एकाने कार्ड लावून चौघांनी आत येणे आपल्याकडे शिष्टाचारात बसते, हे लक्षात ठेवूनच त्या हजेरीवर विसंबा.

पर्वरीच्या बाबतीत एक स्थानिक गोष्ट. तुम्ही जांभ्याच्या सड्यावर आहात. पावसाळा सोडला तर तो दगड कोरडा पडतो आणि इमारतीचे अर्थिंग कमकुवत होते. नेमक्या त्याच दिवसांच्या टोकाला, मे महिन्यात आणि परतीच्या पावसात, विजा पडतात. कंट्रोलरच्या वीजपुरवठ्याला सर्ज प्रोटेक्टर लावा आणि अर्थिंगचा रोध एप्रिलमध्ये मोजून घ्या, जुलैतला आकडा फसवा असतो. कुंडई-वेर्ण्यासारख्या वसाहतींत गेटवरची केबिन आणि मुख्य शेड यांना जोडायला तांब्याची नेटवर्क केबल टाकतात, आणि एका विजेत दोन्हीकडची यंत्रे जळतात. तिथे फायबरच हवे. तुमचे सगळे एकाच मजल्यावर आहे, तो प्रश्न नाही.

जिन्याकडचा रीडर पावसाच्या तिरक्या झोताला लागेल. आयपी६५ (धूळ-पाणी रोखण्याच्या दर्जाचा) असला तरी मागच्या बाजूला वरून आणि कडांनी सिलिकॉन मारायचे, खालची कड मोकळी सोडायची, म्हणजे आत गेलेले पाणी उतरून जाते. बाहेरची वायर पेटीत शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर घ्यायची. आणि पेटीचे प्रत्येक न वापरलेले भोक बंद करायचे. गरम सप्लायच्या उबेला मुंग्या घर करतात, मुंग्यांमागे पाल येते, आणि पाल दोन टोकांच्या मध्ये आडवी झाली की पुढचे सांगायला नको. पणजीच्या मळा-फोंतेन्हासकडच्या जुन्या घरांत ऑफिस असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे: चुन्याच्या गिलाव्याखालचा चिरा मऊ असतो, साधा प्लग पकडत नाही. पेटी लाकडी फळीवर लावून फळी चार ठिकाणी लांब अँकरने धरावी, आणि दर्शनी भागाला हात लावण्याआधी परवानगीचे बघावे.

आता कोटेशने. तिन्ही विक्रेत्यांना एकच कागद पाठवा आणि दारागणिक उत्तर मागा: लॉकचा प्रकार आणि पकड, ब्रॅकेट, दार बंद झाल्याचे कळवणारा सेन्सर, डोअर क्लोजर, हिरवा स्विच, फायर अलार्मची जोडणी, वायरची जाडी, बॅटरी, कार्डाचा नेमका प्रकार, सॉफ्टवेअरची दरवर्षीची फी. तिपटीतला बराच फरक या कागदावरच विरघळेल. स्वस्त वाटणाऱ्याने अर्ध्या गोष्टी धरलेल्याच नसतील. अॅडमिनचा पासवर्ड आणि कार्डांच्या यादीचा बॅकअप काम संपताच तुमच्या हाती, हे लेखी घ्या. तो देत नसेल तर किंमत कितीही कमी असो, नाही म्हणा. उद्या त्याच्याशी बिनसले तर आपल्याच दाराबाहेर आपण उभे राहू. कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदला, आणि घरून बघता यावे म्हणून कंट्रोलर थेट इंटरनेटवर उघडा करू देऊ नका. ब्रँड? पणजी-मडगावात ज्याचे सुटे भाग आणि दुरुस्ती दोन दिवसांत मिळते तो.

पैसे चुकते करण्याआधी कामाच्या दिवशी, माणसे ऑफिसात असताना, चाचणी घ्या. एमसीबी पाडा आणि बॅटरीवर चारही दारे चालतात का ते जेवणाच्या सुट्टीभर बघा. नेट काढा. कंट्रोलरची वीज काढून प्रत्येक हिरवा स्विच दाबा. फायर अलार्म वाजवा. पुढचे दार वीट लावून उघडे ठेवा आणि ते उघडे राहिल्याची सूचना येते का ते पाहा. एक कार्ड रद्द करा आणि ते लगेच चारही दारांना नाकारले जाते का हे दाराशी जाऊन बघा, स्क्रीनवर नव्हे. बंद झालेले दार खांद्याने ढकला, अगदी मनापासून.

देखभालीचा करार वर्षाला दोन फेऱ्यांचा करा, एक मेच्या मध्यावर आणि दुसरी पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये. मेच्या फेरीत दार, क्लोजर, सिलिकॉन आणि अर्थिंग. ऑक्टोबरच्या फेरीत गंज, पेटीची आतली बाजू आणि बॅटरी. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहा. अडीच वर्षे झाली की ती चालू दिसत असली तरी बदला, आणि जुनी परत घरी इन्व्हर्टरला जोडायला कुणाला देऊ नका, विक्रेत्यालाच परत करा.